मालमत्तेचा मूल्यांकन अहवाल कसा वाचावा : शेवटच्या आकड्यामागचे विश्लेषण

मूल्यांकन अहवाल हातात पडला की बहुतेक जण थेट शेवटचे पान उघडतात. तिथला आकडा मनातल्या आकड्याशी जुळला तर समाधानाने आणि न जुळल्यास नाराजीने अहवाल मिटून ठेवला जातो. वास्तविक त्या आकड्याआधीच्या पानांमध्ये मूल्यांकनकाराने कोणते विश्लेषण निवडले, त्यासाठी कोणती माहिती गोळा केली आणि कुठे स्वतःचा अंदाज वापरला हे नोंदलेले असते. ते न वाचता आकडा स्वीकारणे जितके धोक्याचे, तितकेच तो नाकारणेही. घराची विक्री, बँकेचे कर्ज, भावंडांमधली वाटणी, भूसंपादनाचा मोबदला किंवा भांडवली नफ्यावरील कर यांपैकी कोणत्याही कारणाने ज्यांच्यासमोर असा अहवाल येणार आहे, त्यांना तो स्वतः तपासता यावा एवढ्यासाठी हे लिहीत आहे. उदाहरणांतील दर आणि रकमा केवळ गणित समजावण्यासाठी घेतलेल्या आहेत. त्या कोणत्याही भागाचे प्रचलित भाव समजू नयेत.

पहिल्या पानापासून सुरुवात

अहवालाच्या आरंभी चार गोष्टी शोधाव्यात: मूल्यांकनाचा हेतू, ज्या तारखेचे मूल्य काढले ती तारीख, ज्या हक्काचे मूल्य काढले तो हक्क, आणि क्षेत्रफळ कोणत्या मापाने धरले ते माप. या चारपैकी एक जरी बदलली तरी त्याच वास्तूचे मूल्य बदलते, आणि दोन प्रामाणिक अहवालांतली तफावत पुष्कळदा इथेच उलगडते.

हेतू आणि तारीख यांचे नाते भांडवली नफ्याच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. वडिलांनी १९८५ साली घेतलेले घर आज विकले, तर कराच्या हिशेबासाठी मूळ खरेदीच्या किमतीऐवजी १ एप्रिल २००१ रोजीचे वाजवी बाजारमूल्य धरण्याची मुभा आहे. मात्र त्या तारखेचे मुद्रांक शुल्कासाठीचे मूल्य उपलब्ध असेल तर त्यापेक्षा अधिक आकडा धरता येत नाही. अशा वेळी मूल्यांकनकाराला २००१च्या आसपासचे व्यवहार शोधावे लागतात, आणि आजच्या भावातून उलटा हिशेब करत मागे जाणारा अहवाल दुबळा समजावा. बँकेसाठीच्या अहवालात बाजारमूल्याखाली आणखी दोन आकडे दिसतात, वसुलीयोग्य मूल्य आणि तातडीच्या विक्रीचे मूल्य. कर्ज थकले तर घाईने विकताना हाती काय पडेल हा बँकेचा प्रश्न असतो. वाटणी करणाऱ्या भावाबहिणींनी त्या खालच्या आकड्यांवर वाद घालण्याचे कारण नाही.

हक्काचा मुद्दा जमिनीच्या बाबतीत सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ अशी नोंद असलेली जमीन आणि शेजारचीच वर्ग २ची जमीन यांची माती, पाणी, रस्ता सारखे असले तरी दुसरीच्या हस्तांतरणावर बंधने असतात, त्यामुळे दोघींना एकच दर लावणे चूक आहे. ‘इतर हक्क’ या रकान्यातील कुळाची नोंद, बोजा किंवा वहिवाटीचा उल्लेख अहवालात उतरला आहे का, हे पडताळून पाहावे.

क्षेत्रफळाच्या मापात होणारी गफलत मला सर्वांत अधिक वेळा आढळलेली आहे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन, कायद्याने चटईक्षेत्राची, म्हणजे कार्पेटची, व्याख्या निश्चित केलेली असून त्यात आतल्या भिंती धरल्या जातात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची धरली जात नाही. जुन्या करारनाम्यांत मात्र बांधीव (भिंती धरून) किंवा सुपर बिल्ट-अप (जिना, लिफ्ट अशा सामाईक जागांचा वाटाही धरून) क्षेत्र लिहिलेले असते. त्यात भर म्हणजे रेडी रेकनरचे, अर्थात मुद्रांक शुल्कासाठी शासनाने ठरवलेले, दर चौरस मीटरवर आणि दलालांचे दर चौरस फुटावर असतात, तर जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जातो. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एवढे दोन आकडे जवळ ठेवून अहवालातील प्रत्येक दर एकाच मापात आणावा आणि मगच पुढे वाचावे.

सर्वोत्तम वापराचे विश्लेषण

मूल्य काढण्याआधी मूल्यांकनकाराने एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते: या जागेचा कायद्याने चालेल असा, प्रत्यक्षात शक्य असा, आर्थिकदृष्ट्या परवडणारा आणि सर्वाधिक मूल्य देणारा वापर कोणता? या चार कसोट्या याच क्रमाने लावायच्या असतात. पहिल्याच कसोटीत जे नापास होते त्याचे पुढचे गणित करण्यात अर्थ नसतो. शहरालगतच्या दोन एकरांवर टोलेजंग इमारत उभी राहू शकेल असे मालकाला वाटते, परंतु विकास आराखड्यात ती जमीन ना-विकास क्षेत्रात असेल किंवा तिच्यावर उद्यानाचे आरक्षण असेल, तर निवासी दर लावणारा अहवाल कितीही सुबक असला तरी टिकत नाही. म्हणून झोन दाखला अहवालाला जोडलेला असावा, असा आग्रह धरावा.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. भर पेठेतल्या जुन्या वाड्याचे मूल्य त्याच्या लाकडी खांबांवरून आणि गळक्या कौलांवरून ठरत नाही. तिथे पुनर्विकासाने काय उभे राहू शकेल आणि आतल्या भाडेकरूंना काय द्यावे लागेल, यावरून ते ठरते. ‘सध्याचा वापर हाच सर्वोत्तम वापर’ असे एक ठोकळेबाज वाक्य अनेक अहवालांत आढळते. ते खरेही असू शकते, पण त्यामागे कारण दिलेले नसेल तर विचारावे.

तुलनात्मक विक्रीचे विश्लेषण

सदनिका, लहान भूखंड आणि शेतजमीन यांच्यासाठी हेच विश्लेषण मुख्य भार उचलते, म्हणून त्यावर जास्त वेळ द्यावा. तत्त्व सोपे आहे: तशाच मालमत्ता अलीकडे कितीला विकल्या गेल्या ते पाहायचे आणि आपल्या मालमत्तेशी असलेल्या फरकांची वजाबाकी-बेरीज करायची. कस लागतो तो पुराव्याचा. इंटरनेटवरच्या जाहिरातींतील किंमत ही विकणाऱ्याची अपेक्षा असते. व्यवहाराचा पुरावा म्हणजे नोंदणी झालेला दस्त. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमधून सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, पाहता येते, आणि तिच्यात ‘मोबदला’ व ‘बाजारभाव’ असे दोन वेगळे रकाने असतात. पहिल्यात पक्षकारांनी ठरवलेली रक्कम असते आणि दुसऱ्यात मुद्रांक शुल्कासाठी काढलेले मूल्य. तुलनेसाठी पहिला रकाना घ्यायचा असतो. तरीही नोंदलेल्या मोबदल्यात संपूर्ण व्यवहार उतरलेला असतोच असे नाही, म्हणून एका दस्तावर विसंबू नये; नात्यातले हस्तांतरण, निकडीपोटी झालेली विक्री आणि शेजाऱ्याने मुद्दाम चढा भाव देऊन घेतलेली जागा हे व्यवहार बाजूला काढावेत.

एक हिशेब करून पाहू. आपली सदनिका पुण्यात बावीस वर्षे जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असून तिचे चटईक्षेत्र ६५० चौरस फूट आहे व तिला वाहनतळाची जागा नाही. पहिला व्यवहार त्याच सोसायटीतला, चार महिन्यांपूर्वीचा, ६४० चौरस फुटांना ८३,२०,००० रुपये, म्हणजे चौरस फुटाला १३,००० रुपये. दुसरा शेजारच्या आठ वर्षे जुन्या इमारतीतला, ७०० चौरस फुटांना १,०५,००,००० रुपये, म्हणजे १५,००० रुपये. तिथे बंदिस्त वाहनतळ आहे. तिसरा त्याच गल्लीतला, अकरा महिन्यांपूर्वीचा, ९३,१०,००० रुपयांचा. करारात ९८० चौरस फूट लिहिले असल्यामुळे तो ९,५०० रुपयांच्या दराने झाल्यासारखा दिसतो, पण ते सुपर बिल्ट-अप आहे आणि प्रत्यक्ष चटईक्षेत्र ७०० असल्यामुळे खरा दर १३,३०० रुपये निघतो. माप न तपासणाऱ्याने हा व्यवहार दाखवून आपली सदनिका साठ-पासष्ट लाखांची ठरवली असती.

आता फरक जुळवायचे. नियम असा की व्यवहारातली मालमत्ता आपल्यापेक्षा चांगली असेल तर तिच्या दरातून वजा करायचे आणि कमी दर्जाची असेल तर त्यात मिळवायचे. आपल्या मालमत्तेच्या दराला हात लावायचा नाही. पहिल्या व्यवहारात चार महिन्यांच्या भाववाढीचे दीड टक्का, म्हणजे १९५ रुपये मिळवले की १३,१९५ होतात. दुसऱ्यातून नव्या इमारतीचे १,००० आणि वाहनतळाचे ५०० वजा केले की १३,५०० उरतात. तिसऱ्यात काळाचे ४०० मिळवून, घरासोबत गेलेल्या तीन लाखांच्या फर्निचरचे सुमारे ४३० वजा केले की साधारण १३,२७० येतात. या तिघांची सरासरी काढण्याचा मोह टाळावा. पहिल्या व्यवहारात सर्वांत कमी दुरुस्ती करावी लागली, दुसऱ्यात दहा टक्के करावी लागली. म्हणून वजन पहिल्याला द्यायचे. १३,२५० चा दर धरला तर मूल्य ८६,१२,५०० रुपये होते. अहवालात असा तक्ता असावा, आणि प्रत्येक वजाबाकीशेजारी ती एवढीच का, याचे निदान एका ओळीचे कारण असावे.

जमिनीच्या तुलनेत कोणते फरक धरावेत, याचे मार्गदर्शन पुण्यातील भूसंपादनाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली केलेले आहे, आणि आजही मूल्यांकनकार त्याचाच आधार घेतात. भूखंड लहान असणे, रस्त्याला लागून असणे, दर्शनी बाजू रुंद असणे, विकसित वस्तीची जवळीक आणि नियमित आकार या जमेच्या बाजू. तर क्षेत्र मोठे असणे, रस्त्यापासून आत असणे, खोलीच्या मानाने दर्शनी बाजू अरुंद असणे आणि भर घालावी लागेल इतकी पातळी खाली असणे या उणे बाजू. यातला क्षेत्राच्या आकाराचा मुद्दा शेतकरी कुटुंबांनी विशेष समजून घ्यावा. शेजारी दोन गुंठ्यांचा तुकडा ज्या दराने गेला, त्याच दराने आपले पाच एकर जातील असे धरता येत नाही, कारण मोठ्या क्षेत्रातली बरीच जागा रस्ते आणि मोकळ्या जागांसाठी सोडावी लागते आणि उरलेली विकायला वर्षे लागतात. प्रत्यक्ष संपादनात २०१३च्या भूसंपादन कायद्याने तुलनेची पद्धतच ठरवून दिलेली आहे: परिसरातील तशाच जमिनींचे मागील तीन वर्षांचे नोंदणीकृत खरेदीदस्त घ्यायचे, त्यांतले अधिक किमतीचे निम्मे निवडायचे आणि त्यांची सरासरी काढायची. ही सरासरी, मुद्रांक कायद्यानुसारचे मूल्य आणि ठराविक प्रकल्पांत संमतीने ठरलेली रक्कम यांपैकी जे अधिक असेल ते धरले जाते. नोटीस हाती आल्यावर गावातले असे दस्त स्वतः शोधून ठेवणाऱ्याला पुढे त्याचा उपयोग होतो.

भाडे-उत्पन्नाचे विश्लेषण

दुकान, गाळा, कार्यालय किंवा गोदाम घेणारा मनुष्य प्रामुख्याने भाड्यासाठी पैसे गुंतवत असतो, म्हणून तिथे उत्पन्नावरून मूल्य काढणे योग्य ठरते. समजा नाशिकमधील एका दुकानाचे भाडे महिन्याला ४०,००० रुपये आहे. वर्षाचे ४,८०,००० होतात. त्यातून रिकाम्या काळासाठी पाच टक्के, म्हणजे २४,००० आणि मालमत्ता कर, देखभाल, दुरुस्ती यांचे ६६,००० वजा केले की ३,९०,००० निव्वळ उत्पन्न उरते. अशा दुकानांतून त्या भागात साडेसहा टक्के परतावा मिळतो असे दिसले, तर निव्वळ उत्पन्नाला त्या दराने भागून मूल्य ६० लाख रुपये येते. तोच दर सहा टक्के धरला तर ६५ लाख आणि सात टक्के धरला तर सुमारे ५५ लाख ७१ हजार. अर्ध्या टक्क्याच्या हालचालीने काही लाखांचा फरक पडतो, म्हणून अहवालातील हा दर कुठून आला हे विचारलेच पाहिजे. मुदतठेवीच्या व्याजावरून तो ठरवलेला असेल तर ते सदोष आहे. त्याच बाजारात भाड्याने असलेली दुकाने कितीला विकली गेली आणि त्यांचे निव्वळ उत्पन्न किती होते, या भागाकारातून तो यायला हवा.

राहत्या सदनिकांना ही पद्धत का लागू पडत नाही, हेही याच गणितातून कळते. वरच्या ८६ लाखांच्या सदनिकेला महिना २२,००० भाडे मिळत असेल तर वर्षाचे २,६४,००० होतात, म्हणजे जेमतेम तीन टक्के. त्यावर आठ टक्क्यांचा दर लावला तर मूल्य ३३ लाख येईल आणि त्या किमतीला कुणी विकणार नाही. घर घेणारा भाड्याबरोबर स्थैर्य, मालकी आणि पुढच्या भाववाढीची आशा यांसाठीही पैसे मोजतो, आणि ते या भागाकारात उतरत नाही.

पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या, जागांबाबत आणखी सावध राहावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार जुन्या संरक्षित भाड्यात वर्षाला चार टक्केच वाढ करता येते, त्यामुळे मालकाच्या हाती येणारे उत्पन्न नगण्य असते. त्या उत्पन्नावरून काढलेले मूल्य मालकाच्या हक्काचे असते; भाडेकरूचा हक्क वेगळा आणि मुंबईत तो पुष्कळदा मालकाच्या हक्काहून अधिक मोलाचा असतो. अहवालात या दोन हक्कांची सरमिसळ झाली असेल तर तो परत पाठवावा.

खर्च आणि घसारा

स्वतंत्र बंगला, शाळा, रुग्णालय, कारखान्याची शेड अशा वास्तूंचे तुलनेसाठी व्यवहार सापडत नाहीत. तिथे जमिनीचे मूल्य तुलनेने काढून, तशीच इमारत आज बांधायला येणाऱ्या खर्चातून घसारा, म्हणजे मूल्यात झालेली घट, वजा केला जातो. साताऱ्यातील एका बंगल्याचा भूखंड ३,००० चौरस फूट आणि दर २,५०० धरला तर जमीन ७५ लाखांची. बांधकाम १,८०० चौरस फूट, आजचा खर्च २,००० रुपयांनी ३६ लाख. आरसीसी बांधकामाचे आयुष्य साठ वर्षे आणि अखेरीस उरणारे मोल दहा टक्के धरण्याचा प्रघात आहे. त्यामुळे वर्षाला दीड टक्का, चोवीस वर्षांत ३६ टक्के, म्हणजे १२,९६,००० घसारा होऊन इमारतीचे २३,०४,००० उरतात. कुंपण, विहीर वगैरे दीड लाख धरले तर एकूण ९९,५४,००० रुपये.

हे झाले वयाचे. वास्तूची रचना कालबाह्य झाल्याने होणारी घट आणि बंगल्याला खेटून उड्डाणपूल झाल्यासारख्या बाहेरच्या कारणाने होणारी घट या दोन्ही स्वतंत्रपणे धराव्या लागतात, आणि त्या बहुधा विसरल्या जातात. इटालियन फरशीवर दहा लाख खर्च केले म्हणून मूल्य दहा लाखांनी वाढले, असे मानणाऱ्या मालकाचे मन दुखावते हे मी जाणतो. परंतु घेणारा त्याला पटेल तेवढीच रक्कम देतो.

पुनर्विकासाचे शिल्लक गणित

विकसित होऊ शकणाऱ्या जागेसाठी उलटा हिशेब मांडतात: पूर्ण झालेल्या प्रकल्पाच्या विक्रीतून सर्व खर्च आणि विकासकाचा नफा वजा करून जे शिल्लक राहील, ते जमिनीचे मूल्य. मिळणारा चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या मानाने किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) धरून १८,००० चौरस फूट विक्रीयोग्य चटईक्षेत्र तयार होईल आणि ९,००० रुपयांनी विकले जाईल, तर विक्री १६ कोटी २० लाख. बांधकाम ६ कोटी ७२ लाख, महापालिकेचे शुल्क, जादा बांधकामासाठीचे अधिमूल्य आणि टीडीआर (विकत घेतलेले हस्तांतरणीय विकास हक्क) १ कोटी ५० लाख, व्याज व विक्रीखर्च १ कोटी ६० लाख, विक्रीवर अठरा टक्के नफा सुमारे २ कोटी ९२ लाख. शिल्लक ३ कोटी ४६ लाख. आता विक्रीचा दर केवळ दहा टक्क्यांनी उतरला असे समजा. नफ्याचे प्रमाण तेच ठेवले तरी शिल्लक २ कोटी १४ लाखांवर येते, म्हणजे जमिनीचे मूल्य ३८ टक्क्यांनी घटते. या पद्धतीचा अहवाल वाचताना विक्रीचा दर, बांधकामाचा दर आणि प्रकल्पाचा कालावधी यांत थोडा बदल केल्यास काय होते, याचा तक्ता मागून घ्यावा. तो नसेल तर पानावरचा एकमेव आकडा विश्वासार्ह मानू नये. सोसायटीच्या पुनर्विकासात सभासदांनी हा तक्ता सभेपुढे मांडायला लावणे मला अत्यावश्यक वाटते.

रेडी रेकनरचे स्थान

रेडी रेकनर, म्हणजेच वार्षिक मूल्य दर तक्ते, हे शासनाने मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी विभागवार ठरवलेले दर आहेत. एका मूल्यविभागात शेकडो मालमत्ता येतात, त्यामुळे तुमच्या खिडकीसमोर मैदान आहे की स्मशानभूमी, हे त्या दराला कळत नाही. काही भागांत खरा भाव त्याच्या वर असतो, काही ठिकाणी खालीही. कराच्या दृष्टीने मात्र तो आकडा दुर्लक्षून चालत नाही, कारण विक्रीची किंमत मुद्रांक मूल्यापेक्षा ठराविक मर्यादेहून कमी असेल तर भांडवली नफा मुद्रांक मूल्यावरच मोजला जातो. अहवालात हा आकडा स्वतंत्रपणे दिलेला असावा. त्यालाच गुणून बाजारमूल्य काढलेले दिसले, तर तिथे विश्लेषण झालेलेच नाही.

निष्कर्षाचा परिच्छेद आणि गृहीतके

दोन-तीन पद्धतींनी वेगवेगळे आकडे आले असतील, तर मूल्यांकनकाराने कोणत्या आकड्याला किती वजन दिले आणि का, हे शेवटी लिहिलेले असते. भाड्याच्या दुकानात उत्पन्नाला, सदनिकेत तुलनेला आणि बंगल्यात खर्चाला अधिक वजन असणे स्वाभाविक आहे. तिन्हींची सरळ सरासरी दिसली तर त्याचे कारण लेखी मागावे.

त्यानंतर गृहीतकांचे पान येते. बारीक टाइपामुळे ते कुणी वाचत नाही. तिथे बहुधा असे लिहिलेले असते की मालकीहक्क निर्वेध असल्याचे मानले आहे, बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे असल्याचे मानले आहे आणि जागेची मोजणी केलेली नाही. यातले प्रत्येक ‘मानले आहे’ म्हणजे तुम्ही स्वतः करून घ्यायचे एक काम आहे: मालकीसाठी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल, बांधकामासाठी मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, तर जमिनीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी. वर धरलेल्या ८६ लाखांच्या सदनिकेची एक खोली बंदिस्त केलेल्या गच्चीवर उभी असल्याचे नकाशावरून निघाले, तर ६५० चौरस फुटांचा आकडा खाली येतो आणि सगळा हिशेब पहिल्या पानापासून पुन्हा मांडावा लागतो.